कपाटाखालचा आकडा

माणसाने आजवर ज्या ज्या संस्था काढल्या, त्यांत मैत्री ही एकच अशी की जिला घटना नाही, नियमावली नाही, कार्यकारी मंडळ नाही. तरीही राज्यं बुडाली, भाषा मेल्या, डोंगर झिजले, आणि ती मात्र टिकून राहिली. आमची मैत्री सदतीस वर्षं टिकली. नंतर ती कपाटाखाली गेली.

हे मी अलंकारिक बोलत नाही. कपाट लोखंडी आहे, आमच्या दिवाणखान्यात भिंतीला लागून उभं आहे, आणि त्याचा तळ जमिनीपासून साडेतीन इंचांवर आहे. हा आकडा माझा नाही, ऑडिटरचा आहे. आकडा त्याचा असला की कुणी वाद घालत नाही. माझा असला की काय होतं, त्याची ही हकिकत.

ऑडिटर म्हणजे माझा मित्र. चौतीस वर्षं त्याने वेगवेगळ्या कार्यालयांत जाऊन तिथल्या लोकांची झोप उडवली. मी होतो रेकॉर्ड विभागात. तो आमच्याकडे पहिल्यांदा तपासणीला आला तेव्हा त्याने एक जुना कागद मागितला आणि मी तो वीस मिनिटांत काढून दिला. मागितलेला कागद मिळण्याची त्याची ती पहिलीच वेळ. त्याला गहिवरून आलं. तेव्हापासून आम्ही मित्र.

आता खेळाबद्दल. हा समजावून सांगताना मी आतापर्यंत चार परिचित गमावले आहेत, तेव्हा थोडक्यात सांगतो. माझी पुतणी सुट्टीत राहायला आली होती, ती जाताना एक पेटी विसरून गेली. विसरली असं ती म्हणते. मला वाटतं पेटी जड होती. त्या पेटीत हा खेळ. टेबलाभोवती बसून खेळायचा, पण पट नाही, सोंगट्या नाहीत आणि कुणी जिंकतही नाही. एकजण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो : तुम्ही जंगलात आहात, समोर गुहा आहे, आतून घोरण्याचा आवाज येतो आहे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र आता काय करतं ते सांगायचं. ते साधलं की फसलं, हे फासा ठरवतो. फासाही साधा नाही, वीस बाजूंचा. वीस पडले तर तुम्ही डोंगर हलवाल. एक पडला तर स्वतःच्याच चपलेत पाय अडकून मराल. माझ्या मते आयुष्याचं याहून नेमकं वर्णन कुठल्या ग्रंथात नाही, पण ते असो.

दर रविवारी तीन ते सहा आमच्याकडे बैठक बसायची. सूत्रधार मी. खेळणारे तिघे.

पहिल्या, वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई. दिवसभर त्या "जरासं दुखेल हं" हे वाक्य इतक्या गोड आवाजात म्हणतात की पेशंटला दुखायची लाज वाटते. त्यांनी पात्र घेतलं ते कुऱ्हाडवाल्या योद्धीचं. पहिल्याच रविवारी आठ राक्षसांची मुंडकी उडवली आणि "फार दिवसांनी मोकळं वाटलं" असं म्हणून पर्स उचलून घरी गेल्या.

दुसरे शेजारचे ड्रिलमास्तर. शाळेतून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण आवाज अजून मैदानावरच आहे. ते झाले जादूगार. त्यांच्या जादूगाराला चौदा मंत्र येत होते. पाच महिन्यांत त्यांनी एकही वापरला नाही. ते फक्त बाकीच्यांना उंचीप्रमाणे उभं करायचे.

आणि तिसरा ऑडिटर. ज्या माणसाने चौतीस वर्षांत ऑफिसची टाचणी घरी नेली नाही, चुकून खिशात आलेलं पेन परत करायला जो दोन बस बदलून गेला, त्याने पात्र निवडलं चोराचं. निवृत्तीनंतर हा माणूस खिडकीशी बसून वर्तमानपत्रातल्या बेरजा तपासत असे. त्याला हसताना मी सदतीस वर्षांत दोनदा पाहिलं होतं. आणि आता दर रविवारी तो आमच्या स्टुलावर बसून लहान मुलासारखा खुदखुदत होता, कारण तो चोरी करत होता. मी त्याला तसं हसताना पाहायचो तेव्हा मला वाटायचं, पुतणीने पेटी विसरून फार मोठं काम केलं.

पण सूत्रधार म्हणून माझं काय होत होतं, हे कुणी विचारलं नाही. एका राणीचं भाषण मी तीन दिवस खपून लिहिलं होतं. बारा मिनिटांचं. उभा राहून म्हणत होतो. पाचव्या मिनिटाला ऑडिटर म्हणाला, "भाषण चालू आहे तोवर मी मुकुट काढून घेतो." फासा टाकला. अठरा. उरलेली सात मिनिटं राणी उघड्या डोक्याने त्याग आणि कर्तव्य यांवर बोलत राहिली. दुसऱ्या एका रविवारी त्याने नावाड्याची वल्ही चोरली. नदीच्या मधोमध. स्वतः त्याच नावेत बसलेला असताना.

तर तो रविवार. मी सगळ्यांना एका गुहेत आणून सोडलं होतं. आत ड्रॅगन झोपलेला, आणि त्याच्या हनुवटीखाली किल्ल्यांचा जुडगा. गुहेचं पलीकडचं दार उघडं होतं. हे मी तीनदा सांगितलं.

"दार उघडं आहे रे," मी म्हणालो. "किल्ल्यांची गरज नाही."

"उघडं असलं तरी किल्ली आपल्याकडे असलेली बरी," ऑडिटर म्हणाला, आणि डोळे मिचकावले. डोळे मिचकावले! ऑडिटरने!

त्याने फासा इतक्या उत्साहाने टाकला की तो टेबलावर दोन उड्या मारून खाली पडला, फरशीवरून गडगडत गेला आणि कपाटाखाली शिरला. मी सूत्रधार, म्हणून मी पालथा पडलो. गाल फरशीला लावला. आत अंधार होता, आणि हातभर अंतरावर हिरवट रंगाचं काहीतरी होतं. हात पोचेना. आकडा दिसेना.

"दिसला का?" वरून ऑडिटरने विचारलं.

आता हे समजून घ्या की मी एकतीस वर्षं रेकॉर्ड विभागात काढली आहेत. 'सापडत नाही' हे वाक्य आमच्या इतर सहकाऱ्यांच्या तोंडी होतं, माझ्या नव्हतं. तीन माणसं माझ्या पाठीकडे बघत होती. त्यांतलं एक दंतवैद्यक होतं, एक शारीरिक शिक्षण होतं आणि एक लेखापरीक्षण होतं. अशा वेळी माणसाने फरशीवरून काय म्हणावं?

"एक," मी म्हणालो.

एकच का? अकरा का नाही, सात का नाही? या प्रश्नाचं उत्तर मी स्वतःला बरेच दिवस दिलं नाही. ते राणीच्या मुकुटापाशी कुठेतरी होतं.

ड्रॅगन जागा झाला आणि चोर गेला. माझ्या मते मी त्याला अत्यंत देखणं मरण दिलं, तीन वाक्यांत. ऑडिटरने ते ऐकून घेतलं. चोराची माहिती लिहिलेला समोरचा कागद चार घड्या घालून खिशात ठेवला. चहा आलेला होता, त्याला हात लावला नाही. "येतो," म्हणाला आणि गेला.

"अगदी डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"खेळ आहे," ड्रिलमास्तर म्हणाले. "उद्या विसरतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराखालून एक पाकीट आत सरकलं. दाराच्या फटीतून मला त्याचे बूट दिसत होते. पाकीट पूर्ण आत येईपर्यंत ते बूट थांबले, मग गेले. समोरच्या इमारतीत राहणारा माणूस, सदतीस वर्षं बेल न वाजवता घरात येणारा माणूस, त्याने पत्र लिहिलं होतं. पत्राची सुरुवात 'महोदय' अशी होती. आत मला 'आपण' म्हटलं होतं.

मजकूर असा : "दिनांक अमुकच्या बैठकीत झालेल्या मृत्यूसंदर्भात खालील हरकती नोंदवण्यात येत आहेत. (१) फासा टेबलाच्या हद्दीबाहेर गेल्यास जमिनीवरील आकडा ग्राह्य धरावा, असा लेखी नियम आहे काय? असल्यास प्रत जोडावी. (२) सदर आकडा प्रत्यक्ष कोणी पाहिला? (३) फासा आजमितीस कोठे आहे? खुलासा सात दिवसांत अपेक्षित."

मी हे पत्र बायकोला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती.

"मग द्या की खुलासा. एवढं काय?"

"असा कसा देऊ? प्रश्नाचा सूर बघ ना. संशय आहे त्यात."

"तुम्हाला आकडा दिसला होता ना?"

मी म्हणालो की हा आता तत्त्वाचा प्रश्न झाला आहे. लग्नाला चाळीस वर्षं झाल्यावर बायकोला अशा वाक्याचा अर्थ लागतो. ती भाजीचे देठ जरा जास्त जोरात मोडू लागली.

मी उत्तर पाठवलं : "प्रकरण विचाराधीन आहे." हे वाक्य मी नोकरीत असताना हजार वेळा टंकलं आहे आणि त्याने कधी कुणाचं समाधान झालेलं पाहिलं नाही, पण त्यामागे बसायला फार बरं वाटतं. फटीतून उलट टपाल आलं : "विचार पूर्ण होईपर्यंत फासा व परिसर जैसे थे ठेवावा. कपाटाखाली झाडू नये."

"काय?" बायको म्हणाली.

"पुरावा आहे तो."

"किती दिवस?"

"निकाल लागेपर्यंत."

"कुठल्या कोर्टात?"

त्या दिवसापासून आमच्या घरात साडेतीन इंच उंच आणि कपाटाएवढा लांब असा एक प्रदेश तयार झाला, जिथे बायकोचं राज्य चालत नव्हतं. चाळीस वर्षांत असा प्रदेश पहिल्यांदाच निर्माण झाला होता, आणि त्याची किंमत मी रोज जेवताना मोजत होतो. झाडताना ती तिथे आली की झाडू थांबवायची, माझ्याकडे बघायची, आणि वळसा घालून जायची.

बातमी पसरायला दोन दिवस लागले. सल्ले यायला त्याहून कमी.

ड्रिलमास्तर म्हणाले, "माघार घेऊ नका. मैदानावर पंच चुकला तरी शिट्टी परत गिळत नाही."

"पण मी चुकलो असं कोण म्हणतंय?"

"कोणीच नाही. मी चुकला तर म्हणालो."

डॉक्टरीणबाईंनी मला खुर्चीत आडवं करून सल्ला दिला. माझी दाढ दुखत होती, म्हणजे माझ्या तोंडात त्यांचे दोन हात आणि एक नळी होती. "हे बघा, कीड असली की लगेच सांगून टाकावं. राहिली की मुळापर्यंत जावं लागतं." त्या दाढेबद्दल बोलत होत्या की कशाबद्दल, हे विचारायला माझं तोंड मोकळं नव्हतं. माणसाला उत्तर देता येणार नाही अशी व्यवस्था करून मगच त्याला उपदेश करायचा, ही पद्धत मी इतरत्र फक्त सत्कार समारंभांत पाहिली आहे.

खालच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यात भेटले. त्यांना खेळातलं काही माहीत नव्हतं, पण चेहरा लांब करून त्यांनी माझा हात धरला. "ऐकलं. फार वाईट झालं. गेलेले आपले कोण?"

"कुणी नाही हो. एक चोर होता."

"अच्छा," ते म्हणाले आणि हात सोडला. "मग बरंच झालं की."

या सगळ्यात ऑडिटर मात्र रोज दिसत होता. बायको फाटकाशी भेटली की "वहिनी, गुडघा कसा आहे?" असं विचारायचा. मी मागे उभा असलो तर माझ्या डोक्यावरून भिंतीकडे बघायचा, जणू तिथे वायरिंगमध्ये काही गैरव्यवहार आहे. रविवार आला. डॉक्टरीणबाई कुऱ्हाड घेऊन आल्या, म्हणजे कागदावर. ड्रिलमास्तर आले. गुहेत आम्ही पुढे चाललो, पण कुणी काही चोरेना. मी एका राजाचं भाषण सुरू केलं, ते पूर्ण झालं, कुणी मधे बोललं नाही. एवढं कंटाळवाणं भाषण मी जन्मात ऐकलं नव्हतं. राजाच्या डोक्यावर मुकुट शेवटपर्यंत तसाच होता आणि मला त्याच्याकडे बघवेना.

पुढच्या आठवड्यात तिसरं पत्र आलं. "खुलासा अप्राप्त. सबब प्रत्यक्ष जागेची पाहणी करण्यात येईल. रविवारी चार वाजता. सूत्रधारांनी हजर राहावं."

माझ्याच घरात मी हजर राहावं!

तो बरोबर चारला आला. हातात मोजपट्टी, टॉर्च आणि पाठीला पुठ्ठा लावलेला कागद. डॉक्टरीणबाई आणि ड्रिलमास्तर साक्षीदार म्हणून बसले. त्याने कपाटाखालची उंची तीन ठिकाणी मोजली.

"साडेतीन इंच," तो म्हणाला. "घटनेच्या दिवशी आपण कसे पडला होता, ते दाखवा."

"आता?"

"प्रात्यक्षिक आवश्यक आहे."

मी पालथा पडलो. माझ्या वयाचा माणूस जमिनीवर जातो तेव्हा तो फक्त अर्धं काम करतो, उरलेलं अर्धं वर येताना करायचं असतं. तर मी खाली गेलो आणि कंबरेत काहीतरी कट्‌कन वाजलं.

"डोकं याच बाजूला होतं?"

"हो रे बाबा, याच!"

"हनुवटी जमिनीला, की गाल?"

"गाल!"

तो माझ्या शेजारी आडवा झाला. दोघे निवृत्त कर्मचारी गालाला गाल लागेल इतक्या जवळ फरशीवर पडून आत बघत होतो, आणि माझी बायको चहाचा ट्रे घेऊन आमच्या पायांपाशी उभी होती. ऑडिटरने टॉर्चचा झोत आत टाकला. फासा दिसला. दिसली ती फक्त त्याची कडेची बाजू. वीस बाजूंच्या फाशाचा आकडा म्हणजे छताकडे तोंड केलेली बाजू, आणि साडेतीन इंचांच्या फटीत गाल लावून पडलेल्या माणसाला छताकडचं काहीही दिसत नाही. मला ते तेव्हा कळलं. ऑडिटरने कागदावर बराच वेळ काहीतरी लिहिलं.

"माझा आरसा आणू?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तोंडात घालून दाढा बघायचा तो छोटासा गोल आरसा. तो ड्रिलमास्तरांच्या काठीला चिकटपट्टीने बांधला आणि काठी आत घातली. ड्रिलमास्तरांनी फाशाला हात न लावता आरसा त्याच्या वर नेला. अचूक काम होतं.

"काय दिसतं?"

"धूळ," ऑडिटर म्हणाला.

दोन आठवडे तिथे झाडू फिरला नव्हता. आकड्यावर धुळीचा असा थर बसला होता की एक असो की वीस, सगळं सारखंच.

"मी काय सांगत होते?" बायको म्हणाली, आणि ट्रे टेबलावर ठेवला. ट्रे ठेवण्याचा आवाज जरा जास्त झाला. फुंकर मारली तर फासा हलेल, कपाट ओढलं तर पायाचा धक्का लागेल. ऑडिटरने शेवटची नोंद केली आणि वाचून दाखवली : "कपाट सरळ वर उचलावं."

ते कपाट आमच्या लग्नातलं आहे आणि आमच्याइतकंच जड झालेलं आहे. जड सामान हलवायचं तर इमारतीच्या सचिवांची परवानगी लागते. त्यांच्याकडे एक छापील अर्ज असतो. त्यात 'हलवण्याचे कारण' असा रकाना आहे. प्रामाणिकपणा नको तिथे करण्याची मला खोड आहे. मी लिहिलं : 'फासा पाहणे.'

सचिवांनी चष्मा वर केला. "फासा? तुमच्याकडे जुगार चालतो?"

"नाही हो. ड्रॅगन जागा झाला की नाही ते बघायचंय."

"प्राणी पाळायचा असेल तर अर्ज वेगळा आहे," ते म्हणाले, आणि खरोखरच खण उघडला.

मी कारण खोडून 'साफसफाई' असं लिहिलं. परवानगी लगेच मिळाली : बुधवार, अकरा ते एक, खालच्या मजल्याच्या संमतीसह. घरी येऊन बायकोला सांगितलं. "हे कारण मी तीन आठवडे सांगतेय," ती म्हणाली. "मला नाही कुणी परवानगी दिली."

बुधवारपर्यंत कपाट रिकामं करायचं होतं. आतून निघालं ते पलंगावर ठेवलं, म्हणून दोन दिवस आम्ही पलंगाच्या कडेला झोपलो. निरोप समारंभात मला मिळालेली पाच भिंतीवरची घड्याळं निघाली. एकही चालू नव्हतं. माझे तीन स्वेटर बायकोने दोन बोटांत धरून माझ्यासमोरून नेले आणि काही न विचारता एका पिशवीत घातले. मी विरोध केला नाही. ज्याने एका आकड्यासाठी घर उलटं केलं, त्याला स्वेटरबद्दल बोलायचा अधिकार राहत नाही.

बुधवारी अकरा वाजता सामान हलवणारे दोघे आले. दोघेही पिळदार आणि समजूतदार.

"कुठे सरकवायचं?"

"सरकवायचं नाही," ऑडिटर म्हणाला. "सरळ वर उचलायचं."

"मग ठेवायचं कुठे?"

"ठेवायचं नाही. धरून उभं राहायचं."

"किती वेळ?"

"नोंद होईपर्यंत."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टरीणबाई दवाखाना अर्धा तास बंद करून आल्या होत्या. ड्रिलमास्तरांनी आपण होऊन सूत्रं हातात घेतली. "सावऽधान!" ते इतक्या जोरात ओरडले की त्या दोघांतला एकजण खरंच ताठ झाला आणि कपाट एका बाजूने कलंडलं. एक पाय निखळून जमिनीवर तसाच उभा राहिला. मग दुसऱ्या खेपेला कपाट सरळ वर गेलं, फूट, दीड फूट.

खाली धुळीचा चौकोन होता. त्यात एक कंगवा, एक बटण, आणि मधोमध फासा. ऑडिटरने खिशातून दाढीचा ब्रश काढला. गुडघ्यांवर बसून त्याने वरची धूळ इतक्या हळुवारपणे झाडली की फासा केसभर हलला नाही. आम्ही सगळे वाकलो. आतापर्यंत मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं की तिथे चौदा असणार.

तिथे एक होता.

ड्रिलमास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली, नेमकी कंबर धरली होती तिथे. डॉक्टरीणबाईंनी डोळे पुसले. ऑडिटर हळूहळू उभा राहिला. त्याने चष्मा काढला, कागदावर आडवी रेघ मारली आणि माझ्यासमोर आला.

"हरकत मागे घेतो," तो म्हणाला. मग आवाज खाली आला. "चुकलं रे माझं. सदतीस वर्षांच्या मित्रावर मी संशय घेतला."

'रे' म्हणाला. चोवीस दिवसांनी.

आता इथे मी फक्त मान हलवायची होती. आकडा माझा होता, साक्षीदार माझे होते, भूमितीसुद्धा माझ्या बाजूने वळली होती. जगात इतका पूर्ण विजय मी कधी मिळवला नव्हता. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या गुडघ्यांना धूळ लागली होती आणि हातात दाढीचा ब्रश होता.

"मला दिसलाच नव्हता," मी म्हणालो.

"काय?"

"आकडा. त्या दिवशी. काहीच दिसत नव्हतं मला. मी उगाच एक म्हणालो. तू राणीचा मुकुट नेलास, वल्ही नेलीस, माझं बारा मिनिटांचं भाषण... मला राग आला होता. मीच मारला तुझ्या चोराला. आकडा आपला नंतर योगायोगाने जुळला."

"साहेब," कपाटापलीकडून दबलेला आवाज आला, "खाली ठेवू का?"

"थांबा!" ड्रिलमास्तर म्हणाले.

ऑडिटरने चष्मा पुन्हा लावला. "माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"तू पहिल्यांदा खाली पडलास तेव्हापासून. साडेतीन इंचांत वरची बाजू दिसत नाही. पट्टी आणली ती तुला दाखवायला, मला कळायला नाही."

"मग हे सगळं... हे कपाट..."

"मी पहिल्याच पत्रात विचारलं होतं, कोणी पाहिला? एका ओळीचं उत्तर होतं, लेका. तू चोवीस दिवस विचाराधीन होतास."

"आणि आत्ता माफी मागितलीस ती?"

"ती आकड्यापुरती," तो म्हणाला. "आकडा बरोबर निघेल असं मला वाटलं नव्हतं. मी तेरा धरून चाललो होतो."

"साहेब, लवकर बोला हो," कपाट म्हणालं.

"ठेवा, ठेवा खाली," बायको म्हणाली. कपाट तीन पायांवर खाली आलं आणि चौथ्या पायाच्या जागी पाच घड्याळांपैकी दोन सरकवावी लागली. ती घड्याळं पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडली.

"पुन्हा टाका की फासा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कुणाची काही हरकत नाही."

"नाही." ऑडिटरने फासा उचलला, रुमालाने पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "आकडा एक होता. चोर गेला तो गेला." शेवटच्या शब्दाला त्याचा आवाज थोडा हलला. पाच महिने तो चोर रोज सकाळी त्याच्याबरोबर उठत असणार, हे माझ्या त्या क्षणी लक्षात आलं. मी त्याला एका भाषणाच्या रागापायी संपवला होता.

मला भरून आलं. भरून आलं की मी सूत्रधारासारखा बोलू लागतो. मी म्हणालो, रविवारी तू येशील, आणि तुला हवं ते पात्र मिळेल. राजा हो. त्या चोराचा जुळा भाऊ हो. खुद्द ड्रॅगन हो, आजवर कुठल्या खेळाडूने ड्रॅगन घेतलेला नाही. राणीचं भाषण मी पुन्हा ठेवीन, चोवीस मिनिटांचं करीन, तू मुकुटच काय सिंहासनही ने. नियम बदलावे लागले तर बदलू. माग, काय वाटेल ते माग. ड्रिलमास्तर न सांगता सावधान उभे राहिले. डॉक्टरीणबाईंचा रुमाल पुन्हा बाहेर आला. सामान हलवणारे दोघेही घाम पुसायचे थांबले.

ऑडिटरने दाढीचा ब्रश खिशात ठेवला.

"एक मागणं आहे," तो म्हणाला. "पाच महिने सांगीन सांगीन म्हणतोय."

"बोल!"

"मला त्या स्टुलाऐवजी पाठ असलेली खुर्ची मिळेल का?"